खाली फक्त गाव

बारामती, बुधवार, मधली सुट्टी

प्रिय सारजा,

तुझं पोस्टकार्ड गेल्या आठवड्यातच मिळालं. अक्षर अजून तसंच, मेंढरं ओढ्याकडे सुटल्यासारखं. पोस्टमन म्हणाला, "बाई, आता कार्ड कोण लिहितंय?" मी म्हटलं, जिला उलट उत्तर ऐकायचं नसतं ती. चारच ओळी आहेत. येत्या रविवारी इंदापुरात सभा. तिथे उभी राहून तू सांगणार, की बावड्याच्या मनिषाची म्हणतात ती कविता तिची नाही, माझी आहे. एकेचाळीस वह्यांतलं सगळं मीच बसून लिहिलं, बायका कुणी नव्हत्याच. मग वही बंद. आणि चौथी ओळ, 'तू येऊ नको, तुला रडू येतं.' सारजा, मला रडू येत नाही, सर्दी होते. तीस वर्षं सांगते आहे.

कार्ड शिक्षकखोलीत कपाटाच्या आड उभी राहून वाचलं. नंतर आठवीच्या संस्कृतच्या तासाला गेले आणि 'रामाय'च्या पुढचं रूप आठवेना. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. मुलींना वाटलं बाई परीक्षा घेताहेत. त्यांनी एका सुरात सांगून टाकलं. घरी वाचण्यासारखं ते कार्ड नव्हतं. आणि आता तर घरी सोमवारपासून शांतता आहे. ती कसली, ते पुढे.

मला तुझ्याशी भांडायचं आहे. पण आमच्या शास्त्रात दुसऱ्याचं म्हणणं खोडण्याआधी ते त्याच्यापेक्षाही चांगलं मांडून दाखवावं लागतं. म्हणून आधी तुझी बाजू, अगदी पहिल्या वर्षापासून. कॉलेजात संस्कृतच्या तासाला तू तिसऱ्या बाकावरून उठलीस आणि म्हणालीस, "सर, नाटकात राजा संस्कृतात बोलतोय, रानी प्राकृतात. मग ह्यांची भांडनं कोनत्या भाषेत व्हत्यात?" सर म्हणाले, उच्च कुळांत भांडणं होत नाहीत. तू म्हणालीस, "म्हंजी रानी गप बसती." सर पाणी प्यायले आणि तास संपवला. त्या वर्षी तुला संस्कृतात छत्तीस गुण पडले, त्यातले दहा सरांच्या दयेचे आणि वीस माझ्या वहीचे. छत्तीस हा आकडा लक्षात ठेव, पुढे लागणार आहे. मला पहिला नंबर मिळाला. तुझ्या वाट्याला कविता आली आणि माझ्या वाट्याला गुणपत्रिका.

पुढचं सगळ्या तालुक्याला पाठ आहे. वरकुट्याच्या बिरदेव धनगराची लेक, तीन संग्रह, पुण्याचा पुरस्कार, आणि त्या पुरस्कारापेक्षा मला जास्त आवडलेला तो इंदापूरच्या संमेलनातला गोंधळ. मांडवामागं वांगी चिरणाऱ्या बायका पहिल्या रांगेत येऊन बसल्याशिवाय मी कविता वाचणार नाही, म्हणून तू माईक धरून गप्प उभी राहिलीस. स्वागताध्यक्षांना उठावं लागलं. जेवण दीड तास लांबलं. दुसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ समीक्षकांनी लिहिलं की या कवितेत संयम नाही. माझ्या मते त्यांना भूक लागली होती.

पण तुझं खरं काम म्हणजे ती वही. मोरगावच्या स्टँडवर एसटीची वाट बघत एक शेळ्यांवाली बाई आपल्याशीच चार ओळी पुटपुटत होती, त्या तू तिथल्या तिथे टिपून घेतल्यास. नाव विचारलंस तर तिनं पदर तोंडावर ओढला. "नाव नगं, गाव लिव्हा." तोच तुझा नियम झाला. खाली फक्त गाव. बावीस वर्षं, एक भरली की दुसरी, ती वही फडक्याच्या पिशवीत, कंडक्टरच्या हाती, या गावातून त्या गावात फिरते आहे. आणि भरत आली की माझ्याकडे, शुद्धलेखनाला. मी सुधारायचं आणि तू वरकुट्याला बसून माझ्या सुधारणा खोडरबरानं पुसायच्या, हा आपला साहित्यिक सहकार. "लक्षुमे, तू पेन्सिलच वापर. खोडता येतं." तुझ्या आई, बानूबाई, शेजारी बसून म्हणायच्या, "आगं खोडत काय बसलीस, वाच की. त्या बावड्याच्या पोरीनं काय लिवलंय?"

त्या बावड्याच्या पोरीनं शेवटचं जे लिहिलं ते, मनिषाच्या तोंडून ऐकून, तुला पाठ आहे. तरी उतरवते. मला ते माझ्या हातानं लिहायचं आहे.

त्यो मारत न्हाय, वरडत न्हाय
निस्तं ताट दोन बोटं म्होरं सरकवतो
मग घरात कुनाच्याच
घशाखाली घास उतरत न्हाय
माझी पोर भातुकली खेळती
बाहुलीम्होरनं उठून
इवलं ताट सरकवती

खाली, बावडा. वही तिच्या सासूला पिठाच्या डब्यामागे सापडली. नवऱ्यानं, राजवर्धननं, ते पान वाचलं, सासऱ्यांनी, हिंदुरावांनी, ते फाडून खिशात ठेवलं आणि मनिषाला माहेरी, मोरगावच्या गाडीत बसवलं, एकटीला. सहा वर्षांची श्रेया बावड्यातच. चार महिने झाले. दर गुरुवारी मनिषा दोन गाड्या बदलून बावड्याला जायची आणि मधल्या सुट्टीत शाळेच्या कुंपणाशी उभी राहून लेकीची वेणी घालायची, तारेतून हात घालून. आता शाळेलाही ताकीद गेली आहे. वकील म्हणतो दावा लावू. तोवर श्रेया तिसरीत जाईल. आणि तू भेटायला गेलीस तेव्हा हिंदुराव सुपारी कातरत म्हणाले, "कविता कुनी बी लिहूंद्या. पन ती आमच्या घरची न्हाय, असं लिहिनारीनं चारचौघांत सांगाया पायजे. मग पोर बी हितं आन सून बी." म्हणून तुझी रविवारची सभा. आणि तुझा स्वभाव असा, की खोटं बोलायचं तर एका कवितेपुरतं बोलणार नाहीस. एक माझी म्हटली तर बाकीच्यांच्या घरी पिठाचे डबे हलवले जातील, म्हणून सगळ्याच माझ्या.

झाली तुझी बाजू. आता माझी. शेळ्यांवाली बाईही तू कल्पनेतून काढली होतीस, असं सांगशील? 'इतक्या अडाणी बायका असं लिहितीलच कशा' म्हणणारे पुण्यात बावीस वर्षं टपून बसले आहेत. तू त्यांच्या हाती पुरावा देणार. दोनशेवर बायका, ज्यांच्याकडे आपली म्हणावी अशी ती एकच गोष्ट होती, त्या रविवारी दुपारी नव्हत्याच होणार. आणि तू असं केलं नाहीस, तर मनिषाला गुरुवार नाही. मी सगळ्या बाजूंनी फिरून पाहिलं गं. रोज सकाळी एक उपाय काढते आणि दुपारच्या घंटेपर्यंत तो मरतो. वर्गावर उभी असते आणि हातातला खडू मोडतो, इतकंच.

आता ते लिहिते जे चार महिन्यांपूर्वीच लिहायला हवं होतं. तू समजतेस, मनिषानं हौसेनं आपलं नाव खाली घातलं. मागच्या एका कार्डावर लिहिलंही होतंस, 'पोरीला आपलं नाव लिहावं वाटलं, त्यात तिचं काय चुकलं?' ते वाचून मी उत्तरात बानूबाईंच्या मार लागलेल्या मांडीची चौकशी केली. सारजा, नाव तिनं नाही घातलं. मी घातलं. शाळेत तीन वर्षं ती माझ्यासमोर बसली होती, अक्षर मी पहिल्या ओळीला ओळखलं. आमच्याकडे ग्रंथ संपला की शेवटी रचणाऱ्याचं नाव आणि गाव लिहायची रीत. इतकी चांगली कविता आणि कर्ता अज्ञात, हे मला सहन होईना. म्हणून पानाच्या तळाशी, बारीक, पेन्सिलीनं, इति बावडाग्रामनिवासिन्या मनीषया विरचितम्. वाटलं, संस्कृतात लिहिलं म्हणजे झाकलं. ते कुणाला कळत नाही हे माझं रोजचं दुःख. पहिल्यांदाच त्याचा फायदा घ्यायला गेले. पण लिपी तीच ना गं. राजवर्धनला 'विरचितम्' कळलं नसेल, गाव आणि बायको कळली. एरवी तू पुसलं असतंस. पण त्या आठवड्यात बानूबाई गोठ्यात पडल्या, तू त्यांच्याबरोबर दवाखान्यात होतीस, आणि तुझी एक खेप वाचावी म्हणून मी वही बारामती स्टँडवर रविराज कंडक्टरच्या हाती सरळ परत बावड्याला धाडली. मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

सोमवारी मोरगावला जाऊन हे मनिषाला सांगितलं. ती शेण सावडत होती. ऐकून घेतलं, हात धुतले, चहा टाकला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मग मी तिच्याकडे एक गोष्ट मागितली, तिची कविता. ती म्हणाली, "बाई, कविता दुसरी व्हईल. पोर न्हाय दुसरी व्हनार. घ्या." मी ती पुन्हा म्हणून दाखवली, शब्द चुकायला नकोत म्हणून. 'दोन बोटं'पाशी माझा आवाज गेला. सर्दी. ती हळूच म्हणाली, "तुमच्यात बी व्हय?" मी चहा प्यायले. परतायला संध्याकाळ झाली, भाकरी वेळेवर झाली नाही, आणि तेव्हापासून घरी शांतता.

तेव्हा हे पत्र. रविवारी मी येते आहे. तू कागद काढायच्या आधी मी उठेन आणि सांगेन की कविता माझी आहे; मोहनरावांच्या बायकोची. स्वतःला लपवायला मी एका जुन्या विद्यार्थिनीचं नाव खाली घातलं. हिंदुरावांच्या खिशातलं पान काढायला लावीन. त्या ओळीतली विभक्ती छत्तीस गुणांच्या बाईला आयुष्यात जमणार नाही, हे आपल्या वर्गातलं कुणीही उठून सांगेल, आणि पेन्सिलीचं अक्षर तर माझंच आहे. तू बोललीस तर हिंदुराव तुला कवयित्री म्हणून सोडून देतील. पण ज्यांचा शब्द ते कधी मोडत नाहीत त्या मोहनरावांचं नाव निघालं की त्यांना मान खाली घालून ऐकावं लागेल. सून सुटेल, श्रेया भेटेल, आणि बाकीची पानं ज्यांची त्यांच्याकडे राहतील. हे खोटं आहे, शब्द मनिषाचे आहेत. पण कवितेतलं घर माझंही आहे. सत्तावीस वर्षं मोहनरावांनी कधी आवाज चढवला नाही, लोक त्यांना देवमाणूस म्हणतात, आणि बावीस वर्षं ती वही माझ्या मांडीवर येत होती, तिच्यात मी एक ओळ लिहिली नाही, दुसऱ्यांच्या वेलांट्या तेवढ्या सुधारल्या. दिवाळीत यशराजकडे पुण्याला गेले होते. नवी सून वाढत होती. आमटी जरा अळणी झाली होती. माझ्या मुलानं काहीही न बोलता ताट सरकवलं. दोनच बोटं. सुनेनं माझ्याकडे पाहिलं आणि मी पानातल्या मिठाकडे. म्हणून तुझ्या पाया पडते, रविवारी तू आधी उठू नको. हे रविराजच्या हाती, वहीच्या रिकाम्या पिशवीतून धाडते आहे, शुक्रवारच्या आत मिळावं म्हणून. सभेनंतर बारामतीच्या गाडीत मला जागा असेल की नाही, ठाऊक नाही. बानूबाईंना सांग, एक ताट जादा मांडा. मी सावकाश जेवते. आणि हे पत्र शाईनं लिहिलं आहे, खोडरबर शोधू नकोस.

तुझीच,
बारामतीत राहणारी
राजलक्ष्मी