दगडातली वाट

नांदेड,
२१ ऑगस्ट २०२४

ती. स्व. बसम्मा आत्यास,
सृष्टीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. हॉस्टेलच्या मुली मला हसतात, आजकाल पत्र कोण लिहितं म्हणून. मी सांगते, माझ्या आत्याला आता ऐकू येत नाही, फोनवर ती फक्त आपलं बोलून घेते आणि ठेवून देते. रागावू नकोस. तू खरंच तसं करतेस.

इथे एक नवीनच संकट आलं आहे. मी विज्ञानाला भिऊन बी.ए.ला आले, तर आता आर्ट्सवाल्यांनाही विज्ञानाचा एक पेपर घ्यावाच लागतो. आमच्या वाट्याला 'भौतिक विज्ञानाची ओळख' आली. बाबांना सांगितलं तर ते दुकानात गिऱ्हाईक असताना मोठ्यानं हसले. पण बिलोलीकर सर भले आहेत. पहिल्याच तासाला म्हणाले की गणिताला घाबरू नका, या वर्गात फक्त बघायचं, ऐकायचं आणि विचारायचं.

काल त्यांनी आम्हाला व्हरांड्यात नेलं. तिथला लोखंडी कठडा चांगला लांब आहे. एका टोकाला उभं राहून त्यांनी तो नखानं खरवडला. आम्हाला काही ऐकू आलं नाही. मग कठड्याला कान लावायला सांगितलं. आत्या, जणू कुणी माझ्या कानातच खरवडत होतं! माझी मैत्रीण ऋतुजा तर किंचाळलीच. सर म्हणाले की आवाजाला हवेपेक्षा लोखंडातून जायला सोपं पडतं.

गुडघ्याला तेल लावत जा. आणि पत्र लांबलचक लिही, कार्डावर माझं पोट भरत नाही.

तुझ्या मायेची हक्कदार,
सृष्टी

---

नवे गाव (पुनर्वसन), ता. औसा,
२ सप्टेंबर

चि. सृष्टीबाळास आत्याचे पोटभर आशीर्वाद. शरणु शरणार्थी.

तुझं पत्र पोस्टमननं हातात दिलं. मी फोनवर आपलंच बोलते म्हणतीस, तर बाई, तू तरी कधी ऐकून घेतीस? सोयाबीनला शेंगा धरल्यात. शेजारच्या गुंडप्पाच्या सुनेला मुलगी झाली, लई गोड हाय. माझा गुडघा आपल्या जागी हाय अन् मी माझ्या.

तुझं कठड्याचं वाचून मी दोन दिवस तेच ते मनात घोळवत राहिले. एक विचारायचं हाय. लोखंडातून आवाज जातो, तर दगडातून जातो का? जुन्या गावात आपल्या भिंती होत्या तसल्या, दगड अन् पांढऱ्या मातीच्या, हातभर रुंद. अन् तसली भिंत पडून ढीग झाला असंल तर त्याच्यातून?

सरांना विचार. माझं नाव सांगू नको, म्हातारीला काय सुचतंय म्हणून लोक हसतील. घाई न्हाई. पर विसरू नको.

आठवण ठेवणारी,
तुझी आत्या

---

नांदेड,
११ सप्टेंबर

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नानं काय केलंस ठाऊक आहे का? सरांनी त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवला आणि अख्खा तास त्यावरच घेतला. प्रश्न कुणाचा, असं त्यांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून तुझं नाव गेलं. माफ कर. कुणीही हसलं नाही.

उत्तर असं: जातो. दगडातून तर हवेपेक्षा कितीतरी वेगानं जातो. ढीग असला तर मधली माती आणि पोकळ्या आवाज मंद करतात, बोलणं कळत नाही. पण ठोकलेलं, आपटलेलं पार होतं. इमारत पडते तेव्हा बचावाची माणसं आधी सगळ्यांना गप्प करतात आणि ढिगाऱ्याला कान लावतात, ते त्यासाठीच. खाली कुणी ठोकत असेल तर वर ऐकू येतं.

तू कॉलेजात असतीस तर आमच्या पुढच्या बाकावर बसली असतीस. अजून काही असेल तर विचार, माझा भाव वाढतो वर्गात.

तुझीच,
सृष्टी

---

अहमदपूर,
२८ सप्टेंबर

चि. सृष्टीस,
अनेक आशीर्वाद.

बापाचं पत्र बघून दचकू नकोस. हे फोनवर माझ्याच्यानं बोललं गेलं नसतं.

परवा गुंडप्पाचा फोन आला. आक्का कुणाला न सांगता ऑटो करून जुन्या गावात गेली. तिथं आता बाभळी आणि दगड याशिवाय काही नाही. गुंडप्पा शोधत गेला तर ही आपल्या घराच्या जागी दगडाला कपाळ टेकून बसलेली. उठायला तयार नव्हती. घरी आणल्यावर तिनं त्याला तुझं पत्र दाखवलं.

तुला एवढंच ठाऊक आहे की आत्याचे यजमान आणि चार वर्षांची मंजुश्री भूकंपात गेले. पुढचं आम्ही घरात कधी काढलं नाही. मी तेव्हा गणपतीसाठी तिच्याकडे आलो होतो आणि पोरांबरोबर शाळेच्या पटांगणात झोपलो होतो. आक्का पहाटे म्हशीकडे गेली होती, म्हणून वाचली. उजाडलं तेव्हा ती ढिगाऱ्यावर बसून ओरडत होती की खालून ठक ठक आवाज येतोय, पोर ठोकतीय. मी म्हणालो, आक्का, दगड बसतायत. जमीन अजून हलत होती. शेजारची भिंत तिच्या डोक्यावर कलली होती. मी तिला दंडाला धरून ओढत शेतात नेलं. थोड्या वेळानं ती भिंत त्याच जागेवर पडली. मग पाऊस. जवान आले तोवर उशीर झाला होता.

तेव्हापासून आम्ही सगळ्यांनी तिला एकच सांगत आणलं, की पोर झोपेतच गेली, तिला काही कळलं नाही. त्यावर ती उभी राहिली. आता तुझ्या पत्रानं ते पायाखालचं काढून घेतलं. तुझी चूक नाही, तुला माहीत नव्हतं. पण तिला लिही की ऐकण्यात गफलत झाली, दगडामातीतून आवाज जात नाही. एवढं कर.

तुझा,
बाबा

---

नांदेड,
३ ऑक्टोबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस वर्गात गेले नाही. मेसचं जेवण जात नाही. मी किती मजेत लिहिलं होतं ते, हे आठवलं की स्वतःचीच चीड येते.

सरांना नाव न सांगता विचारलं. ते म्हणाले की पडलेले दगड बसतानाही अगदी तसाच आवाज होतो, कान लावून कुणालाही फरक सांगता येणार नाही. म्हणजे तुमचंही खरं असेल. तसं लिही म्हणालात तर लिहिते. पण आवाज जातच नाही, असं माझ्या हातून लिहून होत नाही, बाबा. चारदा कागद घेतला. तिनं मला विश्वासानं विचारलं होतं.

तुम्ही सांगेपर्यंत मी तिला काहीच लिहीत नाही. आईला यातलं सांगितलेलं नाही.

तुमची लेक,
सृष्टी

---

नवे गाव,
१५ ऑक्टोबर

चि. सृष्टीबाळास आशीर्वाद.

तुझं पत्र येईना, तवाच ओळखलं की मल्लूनं तुला लिहिलं. त्याच्यावर राग धरू नको. त्यानं ओढलं नसतं तर मी आज नसते. त्याच्या मनावर काय हाय ते मला दिसतं. तो दिवाळीला येतो तवा माझ्याकडं बघून बोलत न्हाई, भिंतीकडं बघून बोलतो.

आता जे सांगते ते मल्लूला ठाऊक न्हाई. जवानांनी मंजुश्रीला काढलं अन् माझ्या मांडीवर दिलं. फार लागलेलं नव्हतं. नुसती धूळ. एक मूठ उघडत नव्हती. मी बोटं सोडवली तर आत इवलीशी पितळेची वाटी, तिची दूधभाताची. कड चेपून गेलेली, ठोकून ठोकून. मी ती कुणाला दावली न्हाई. आपल्यात माती देतात, पर त्या दिवशी सगळ्या गावाला एकत्र अग्नी दिला. वाटी मी तिच्यासंगं दिली.

म्हणून पोर होती का दगड बसत होते, हे मला कुणी सांगायला नको. ती झोपेत गेली असं समदे म्हणत, मी व्हय म्हणत आले. त्यांना बरं वाटायचं.

मला दुसरंच विचारायचं होतं. पहिल्या पत्रात हात धजला न्हाई. खालचा आवाज वर येतो, तर वरचा खाली जातो का?

मी दोन्ही हातांनी दगड बडवत होते. काकणं फुटली. मी बडवायला लागले की खालचं ठकठक बंद व्हायचं. वाटायचं, गेली. मी थांबले की परत सुरू. परत बडवायची, परत बंद. माझ्याच बडवण्यानं माती घसरून तिच्या तोंडात जात असंल का, हे एकतीस वर्षं माझ्या उशाला हाय. कान गेले तवा वाटलं आता तरी सुटले. पर ते कानानं ऐकायचं राहिलंच न्हाई.

खरं काय ते लिही. मला बरं वाटावं म्हणून लिहू नको. तसलं लिहिणारी माणसं माझ्याकडं पुष्कळ हायेत.

तुझी आत्या

---

नांदेड,
२४ ऑक्टोबर

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू खरं लिही म्हणालीस, म्हणून मी या वेळी सरांना सगळं सांगितलं. तुझं नाव घेऊन, मंजुश्रीचं नाव घेऊन. सरांनी टेबलावरची पुस्तकं मिटून ठेवली. मग म्हणाले की पुस्तकातलं सांगण्यापेक्षा चल.

कॉलेजच्या मागे एक जुनी खोली पाडली आहे. दगड, माती, लाकडं, सगळा ढीग तसाच आहे. सरांनी मला एका अंगाला दगडाशी कान लावून बसवलं. ऋतुजाला पार पलीकडे, तिला मी दिसत नव्हते. तिनं तळहातानं दगड बडवायचा आणि मी माझ्या बाजूनं खड्यानं ठोकत राहायचं, असं ठरलं. मग जागा बदलून उलटं केलं.

दोन्हीकडून ऐकू आलं, आत्या. मंद, खोलातून, पण आलं. सर म्हणाले की यात शंकेला जागा नाही. ज्या वाटेनं आवाज वर येतो त्याच वाटेनं तो खाली जातो, दगडाला वर-खाली कळत नाही. तिचं तुला ऐकू आलं, तर तुझं तिला गेलंच. आणि ज्या ढिगाला जमीन हलवत होती तो तुझ्या दोन हातांनी घसरत नसतो, हे त्यांनी मला दोनदा लिहून घ्यायला लावलं.

आता थांबण्याचं. सर म्हणाले की आपण बडवत असलो की आपल्याच आवाजात दुसरा बुडतो, म्हणून तुला तो बंद झाल्यासारखा वाटला असेल. ते मी प्रामाणिकपणे लिहिते. पण मी तिथे बसले होते, सर नाही. माझ्या हातात खडा होता, मला ठोकत राहायचं होतं. ऋतुजाचं बडवणं दगडातून आलं आणि माझा हात थांबला. मी ठरवलं नव्हतं. पलीकडे कुणी आहे हे कळलं की माणूस आपोआप गप्प होऊन ऐकतं. तिचं थांबलं तेव्हा मी परत ठोकलं.

आत्या, त्या वेळी ती गेली नव्हती. ती तुझं ऐकत होती.

मी खूप रडले आहे, म्हणून अक्षर असं आलं. बाबांना मी यातलं काही लिहिलेलं नाही. ते तुझं आहे.

तुझी,
सृष्टी

---

नवे गाव,
६ नोव्हेंबर

चि. सृष्टीबाळास तुझ्या आत्याचे आशीर्वाद.

परीक्षेपायी तू दिवाळीला आली न्हाईस, म्हणून करंज्या मल्लूबरोबर धाडल्यात. ऋतुजाला बी दे, पोरीनं माझ्यासाठी हात दुखवून घेतला. सरांना माझे शरणार्थ सांग.

तुझं पत्र मी जवळ घेऊन झोपले. ती ऐकत होती. मी हाय हे तिला ठाऊक होतं. एवढं मला पुरे.

भाऊबीजेला मल्लू आला. ओवाळून झालं, जेवला. मग मी त्याच्या म्होरं तुझं पत्र ठेवलं, अन् वाटीचं सांगितलं. एवढ्या वर्षांनी. त्यानं अंगणात उभ्यानं पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मला ऐकू येत न्हाई म्हणून तो नेहमी ओरडून बोलतो. त्या दिवशी त्याच्यानं ओरडवलं न्हाई. माझ्या समोर बसला अन् सावकाश बोलला. मी त्याच्या ओठांवरून घेतलं.

त्यानं विचारलं, नुसती हाक मारली तर ती बी खाली जाते का.

मला शेतात बसवून तो परत गेला होता, बाळ. एकटाच, त्या कललेल्या भिंतीखाली. त्याला बी ठकठक ऐकू आलं होतं. एका फटीला तोंड लावून त्यानं हाक मारली, मंजू, मामा हाय, आलोच म्हणून. मग भिंत करकरली अन् तो पळाला. तो पळाला म्हणून आज तू हायेस, हे मी त्याला तिथंच सांगितलं.

मी त्याला म्हणाले की फटीतून तर हवेची वाट असते, फटीला तोंड लावलं होतंस तर गेलीच असंल. खरं तेच सांगितलं. तुझ्या सरांनी बी तेच सांगितलं असतं.

तो मान हलवत राहिला. मग दोघांच्या बी ध्यानात एकदमच आलं. मामानं आलोच म्हणलेलं तिला ऐकू गेलं असंल, तर तिनं वाट बघितली असंल.

त्यानं माझा हात धरला अन् ऊन उतरंस्तोवर आम्ही तसंच बसलो. जाताना तो भिंतीकडं न बघता माझ्याकडं बघून, येतो म्हणाला.

नीट अभ्यास कर. जीव लावत आलीस तसाच लाव.

तुझी,
बसम्मा आत्या