दोन दारांचा तंबू

कोरिया, १९५३

माये,

हे पत्र मी धाडनार नाई. मास्तर तुले वाचून दाखवतीन, अन तू साऱ्या किन्हीराजा गावात रडत फिरशीन.

इथं लढाईतल्या कैद्यायवर आमच्या हिंदुस्तानी पलटनीचा पहारा हाये. कायदा असा, का कैद्याले मारायचं नाई, त्याची टर उडवायची नाई. घरी जायची जबरदस्तीही नाई. त्याले तंबूत इचारतात, घरी जातं का नाई. एका दारानं गेला त घरी, दुसऱ्यानं गेला त कायमचा परमुलखात.

लिऊ नावाचा चिनी कैदी माह्याच वयाचा. तारेपलीकडून मी त्याले आपली बैलाची हाक अर्थासगट शिकवली, "चाल घरा, पाखऱ्या!" लय हासे. घरी माय एकटीच हाये, असं त्यानं हातवारे करून सांगतलं व्हतं.

आज त्याची पाळी आली. मी दारापाशी उभा. त्यानं दोन्ही दारं पाह्यली, मंग माह्याकडं पाहून हळूच म्हने, "चाल घरा, पाखऱ्या?"

पहारेकऱ्यानं इशाराही करायचा नाई. मी तोंड दगडावानी केलं.

तो परमुलखाच्या दारानं गेला.

मले कोनी इचारलं असतं, त मी पळतच घराच्या दारातून निंगालो असतो, माये. पन पहारेकऱ्याले कोनी इचारत नाई.

तुहा वांड, आज मुका,
उकंडा