उमरेड रस्त्यावरचा तुमचा आवाज

बाबा, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला मला फोटो लागतो, पण आवाज आठवायला काही लागत नाही. गिरणीत मागांच्या खडखडाटावर बोलायची सवय, म्हणून तुम्ही घरातही मोठ्यानंच बोलायचात. आई म्हणायची, "हळू बोला ना, शेजारी ऐकून राहिले." वस्तीतल्या प्रत्येक सभेत माईक तुमच्याच हाती असायचा. पक्षानंही तुम्हाला त्या आवाजासाठीच धरून ठेवलं होतं. मला ते दिसत होतं. तुम्हाला दिसत होतं का, ते कधी विचारलं नाही.

आणीबाणी उठल्यावरच्या त्या निवडणुकीत वस्तीला एकच धास्ती होती. शिवाशिव पाळणाऱ्याला शिक्षा करणारा जो कायदा आहे, तो तुमचा पक्ष काढून टाकणार, अशी बोलवा उठली होती. आपल्या चौकातल्या सभेत एक म्हातारी उभी राहिली आणि म्हणाली, "बाकी काही नको सांगू गा. ठेवान का काढान, तेवढं सांग." तुम्ही छातीवर हात ठेवलात. "माय, मी सांगून राहिलो. कायदा राहीन. आमचा पक्ष त्याले हात लावणार नाही." केवढ्या टाळ्या पडल्या! मी तेव्हा नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. त्या टाळ्या मला माझ्याच वाटल्या.

पुढच्या रविवारी प्रचाराची जीप उमरेड रस्त्यावरच्या गावांना निघाली. आत्याचं गाव वाटेतच, म्हणून मीही मागे बसले. तिच्या गावाच्या तोंडाशी उमेदवाराचा माणूस जीप थांबवतो, खिडकीतून आत वाकतो. "भाऊ, इथं शहरातलं बोलू नका. इथं सांगा, तो कायदा आम्ही रद्द करू, गावातल्या केसेस बंद करू. इथली मतं वेगळी आहेत." तुम्ही आधी माझ्याकडे बघता. मग म्हणता, "निवडणुकीपुरतं आहे वं," आणि माईक सुरू करता. आवाज जरा तरी बारीक कराल असं मला वाटलं होतं. नाही केलात. चौकात जसा लावला होता तसाच खणखणीत लावलात. ज्या हॉटेलात आत्याच्या मुलाला बाहेर ठेवलेल्या वेगळ्या कपात चहा दिला होता आणि त्यानं तक्रार केली होती, त्याच हॉटेलावरून जीप गेली. ती केस तेव्हा कोर्टात उभी होती. हॉटेलवाला पायरीवर आला, त्यानं तुम्हाला नमस्कार केला. तुम्हीही हात जोडलेत.

दुपारी आत्यानं जेवायला वाढलं. भाकर, वांग्याची भाजी, वर तेल. वाढता वाढता म्हणाली, "दादा, तो तुयाच आवाज होता ना?"

"पक्षाचं सांगणं होतं बाई."

"पक्ष कुठं बोलत होता? तू बोलून राहिला होता." एवढं म्हणून तिनं तुमच्या ताटात आणखी एक भाकर ठेवली.

तिचा मुलगा उंबऱ्यावर बसला होता. तो चिडला नाही, त्यानं नुसतं विचारलं, "मामा, कायदाच जाणार असन, तं मी साऱ्या गावाशी वैर काहून घेऊ?" तेव्हा सांगता आलं असतं. मी खोटं बोललो, तू माघार घेऊ नको, एवढंच तर सांगायचं होतं. तुम्ही उठलात, हात धुतलेत आणि जीपकडे चालू लागलात. मीही तुमच्या मागे आले.

कायदा कोणी काढला नाही, बाबा. तो राहिला. पण आत्याच्या मुलानं कोर्टात सांगितलं की तसं काही घडलंच नव्हतं, आणि केस संपली. ते कळलं त्या दिवसापासून तुम्ही माईकला हात लावला नाहीत. जयंतीच्या सभेसाठी पोरं बोलवायला आली, तर गळा बसला म्हणालात. आत्या आपल्याकडे यायची, तुम्ही मात्र तिच्या गावाला पुन्हा गेला नाहीत. आणि मला शाळेत कोणी वडिलांबद्दल विचारलं तर मी म्हणायचे, गिरणीत आहेत. पक्षाचं नाव काढायचे नाही. मला तुमची लाज वाटायची. ती तुम्हाला दिसावी, अशीही माझी इच्छा होती.

ही लाज जीपच्या त्या रविवारपासूनचीच होती. म्हणूनच त्या निवडणुकीच्या मतदानाच्या संध्याकाळी मी पोळ्या लाटता लाटता मुद्दाम म्हटलं, "मी तुमच्या पक्षाला मत दिलं नाही." तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे होतात. मला वाटलं, रागवाल. तुम्ही अगदी हळू म्हणालात, "बरं केलं वं पोरी." त्यानंतर ते तुम्ही सगळ्यांना सांगत राहिलात. गिरणीतल्या सोबत्यांना, आत्याला, शेवटी दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही. "मी चुकलो गा, पण माया पोरीनं नाही दिलं त्याईले." प्रत्येक वेळी तुमचा चेहरा थोडा उजळायचा, आणि मी तुमची चादर सारखी करायचे.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहायची हिंमत झाली. मतदानाच्या त्या दिवशी पडद्याआड मी एकटी होते. लहानपणापासून ओळखीचं एकच चिन्ह होतं, आणि हात आपसूक तिकडेच गेला. शिक्का मी तुमच्याच पक्षावर मारला होता, बाबा.