दुइल्योंना रोज सकाळी सांगायचा भाव

मी, एर्सिलिया कानेपा, वय एकोणऐंशी, राहणार नेर्व्ही, जेनोव्हा, डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. याआधी लिहिलेलं सगळं रद्द समजावं.

१. माझं राहतं घर मी भाची ओर्नेला हिला देते. अट एकच. माझे पती दुइल्यो शेवटपर्यंत याच घरात, समुद्राकडच्या खोलीत राहतील.

आमच्या वडिलांचं पैजांचं दुकान होतं आणि टेनिसमध्ये कोण जिंकेल यावरच्या पैजांचे भाव मी काढत असे. दुइल्यो तेव्हा खेळत. एकदा मी त्यांच्या विरुद्ध भाव लावला, तर ते तडक दुकानात आले आणि शांतपणे कारण विचारू लागले. मी सांगितलं की समुद्राच्या दमट हवेने कोर्टाची लाल माती जड झाली आहे, चेंडू उसळणार नाही, तुमची सर्व्हिस तिथेच मरेल. शिवाय काल तुम्ही फार पळलात, आणि समोरचा मातीवरच वाढलेला आहे.

ते म्हणाले, "माझ्याकडे इतकं लक्ष देऊन आजवर कुणी पाहिलं नव्हतं."

ते हरले, आणि त्याच संध्याकाळी मला जेवायला घेऊन गेले.

२. आमचं लग्न वर्षभरही टिकणार नाही, असा भाव माझा भाऊ नेव्हियो याने दुकानाच्या फळ्यावर लिहिला होता. तो फळा मी पुसू दिला नाही. आता त्याचा त्याला द्यावा. मात्र तो दर रविवारी दुइल्योंशी पत्ते खेळतो आणि मुद्दाम हरतो, म्हणून तळघरातली वाइनही त्यालाच.

३. दुइल्योंना आता माझं नाव नेहमी आठवत नाही. पण रोज सकाळी ते विचारतात, आज माझा भाव काय? ओर्नेलाने आधी खिडकी उघडून हवा पाहावी. ऊन असेल तर सांगावं की माती सुकली आहे, चेंडू उंच उसळेल, तुमचे पाय ताजे आहेत, भाव तुमच्या बाजूने आहे. दमट असेल तर तेही खरं सांगावं. खोटा भाव त्यांना लगेच कळतो.

हे वाचून दाखवलं तेव्हा ओर्नेलाने विचारलं, "आणि आत्या, पाऊस असला तर?"

"मग सामना नाही. त्यांच्याजवळ बसायचं."

ठिकाण : जेनोव्हा. ९ ऑक्टोबर २०१९.
सही : एर्सिलिया कानेपा
आमच्या समक्ष सही केली : तुल्लिओ रेपेत्तो, औषधविक्रेते, इल्दा मोर्किओ, शेजारीण.