दहा तक्ते आणि एक सायकल

५ एप्रिल, शनिवार

सायकल घ्यायची ठरली! म्हणजे लेकीने ठरवली. जेवताना बाईसाहेब म्हणाल्या, "बाबा, दर रविवारी तळ्यापर्यंत सायकलने जाऊ या. मी जाईपर्यंत." चौदा जूनला तिचं विमान. मग दोन वर्षं परदेशी.

कल्पना छान आहे. तिच्याकडे कॉलेजातली जुनी सायकल आहे, माझ्याकडे काहीच नाही. घेतो की, म्हटलं. तर म्हणे, उद्याच घेऊ. उद्या! इस्पितळाच्या खरेदी विभागात सव्वीस वर्षं काढली. तीन दरपत्रकं आणि तुलनात्मक तक्ता यांच्याशिवाय कापसाचा बोळासुद्धा घेतला नाही कधी. आणि सायकल उद्या!

७ एप्रिल, सोमवार

मेहुण्याला फोन केला. चूक झाली. तासभर बोलला. हायब्रिड म्हणजे धड ना इकडची, धड ना तिकडची. भावोजी, सरळ हँडलची ग्रॅव्हल घ्या, खडीवर लोण्यासारखी चालते. त्याची स्वतःची ग्रॅव्हल दोन वर्षं गॅलरीत उभी आहे. तिच्यावर टॉवेल उत्तम वाळतात.

१२ एप्रिल, शनिवार

तीन दुकानं केली. ज्ञानात भर पडली ती अशी — हायब्रिडला पुढे शॉकअप, पुढे तीन चक्रं, टायर मध्यम. सरळ हँडलच्या ग्रॅव्हलला शॉकअप नाही, पुढे एकच चक्र, टायर जाड. म्हणजे तीन वस्तू कमी, रबर जास्त आणि किंमत दीडपट! यालाच प्रगती म्हणत असावेत. कारण विचारलं तर दुकानदार म्हणाला, साहेब, ही वजनाला हलकी आहे. मला वाटलं माझ्या खिशाबद्दल बोलतोय.

बिचारा सारखा म्हणत होता, बसून तर बघा. बसलो नाही. निर्णयाआधी मालाला हात लावायचा नाही, हा माझा नियम. माणूस एकदा बसला की भाळतो.

पहिला तक्ता तयार. सतरा रकाने. शेवटचा शेऱ्याचा, तो कोरा सोडला. ऑफिसात तो वरिष्ठ भरतात, आपण त्यात डोकावायचंही नसतं. आमच्या हिने विचारलं, "घरात वरिष्ठ कोण?"

१३ एप्रिल, रविवार

बाईसाहेब तळ्यावर एकट्याच जाऊन आल्या. शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांची सायकल मागून आणते म्हणत होती माझ्यासाठी. नको म्हटलं. उसन्या सायकलची सवय लागली की तुलना बिघडते.

१९ एप्रिल, शनिवार

दुसरा तक्ता. पहिला न वाचता फाईलला लावला. जुना तक्ता परत वाचला की मन कलुषित होतं. नवीन रकाना — चिखलपट्टी बसते का. मोठाच मुद्दा निसटला होता!

२७ एप्रिल, रविवार

तळ्याच्या रस्त्यावर खडी किती, हे कळल्याशिवाय टायरचा रकाना भरता येत नाही. लेकीला विचारलं. "थोडीशी आहे शेवटी." थोडीशी! असं मोघम उत्तर माझ्या हाताखालच्या कारकुनाने दिलं असतं तर कागद परत पाठवला असता. म्हटलं, नमुना आण.

आज खरंच आणला. पिशवीत मूठभर खडी. तेही गंभीर चेहऱ्याने, "हा घ्या नमुना, पावती द्या." पावती दिली. सगळ्यात मोठा खडा अठरा मिलिमीटर भरला. तो आता जेवणाच्या टेबलावर तक्त्यांवर वजन म्हणून ठेवलाय. हिने कपाळाला हात लावला.

१० मे, शनिवार

पाचवा तक्ता. ग्रॅव्हल एकाहत्तर गुण, हायब्रिड एकाहत्तर गुण. बरोबरी! म्हणजे पद्धत चोख आहे. गुणांची वाटणी नव्याने करावी लागणार.

आज ही चिडली. "तुम्ही सायकल घेताय की धरण बांधताय?" मी शांतपणे म्हटलं, घाईत घेतलेली वस्तू जन्मभर घरात राहते. यावर तिने आधी माझ्याकडे आणि मग भिंतीवरच्या आमच्या लग्नाच्या फोटोकडे बघितलं.

११ मे, रविवार

लेक सकाळी निघताना दारात उगाच रेंगाळली. चेनला तेल घालून झालं, परत घातलं. हवा बघितली. मी टेबलावर गुणांची वाटणी करत होतो. "येते," म्हणाली. मी म्हटलं, हेल्मेट घाल.

२४ मे, शनिवार

सातवा तक्ता. दुकानदार आता मला बघून चहा सांगत नाही. आज त्याने विचारलं, साहेब, जायचंय कुठे नेमकं? तळ्यापर्यंत, सहा किलोमीटर. तो फडकं घेऊन दुसऱ्याच सायकली पुसायला लागला. गिऱ्हाइकाशी वागायची रीत नाही या लोकांना.

१ जून, रविवार

घरात बॅगा उघड्या पडल्यात. वजनकाटा आणलाय. लेक काय ठेवू काय नेऊ करत बसलेली असते. मी एक चांगला तक्ता करून देतो म्हटलं. दोघी एकदमच "नको" म्हणाल्या.

आजही गेली होती तळ्यावर. परत आली तेव्हा बुटांवर पांढरी धूळ होती.

८ जून, रविवार

पुढच्या रविवारी नक्की, असं मी तिला म्हणालो. ती हसली आणि म्हणाली, "पुढच्या रविवारी मी तिथे असेन, बाबा."

हो की. आकडेमोड माझा धंदा, आणि हे मात्र नजरेतून सुटलं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, इथे लिहायला काय हरकत आहे.

१३ जून, शुक्रवार

घेतली! सरळ हँडलची ग्रॅव्हल. खडीच्या रकान्याने तिला तारलं. अर्धी रजा टाकून दुकानात गेलो, दहाव्या तक्त्यासकट. संध्याकाळी सायकल घरी आली. लेकीने घंटी वाजवून बघितली, सीटवर थाप मारली, छान आहे म्हणाली. अंगणात एक चक्कर मारू या का, असं विचारणार होतं बहुतेक आमच्यातलं कुणीतरी. तेवढ्यात मेहुणा सहकुटुंब निरोपाला आला आणि टायरमध्ये हवा किती असावी यावर बोलत बसला.

१४ जून, शनिवार

गेली.

विमानतळावर काचेच्या आत शिरताना वळून ओरडली, फाईल नीट ठेवा! आजूबाजूचे लोक माझ्याकडे बघायला लागले. मी हात हलवत राहिलो. ती दिसेनाशी झाल्यावरही थोडा वेळ हलवत होतो, हिने खाली घेतला.

१५ जून, रविवार

सकाळी एकटा निघालो. हिला म्हटलं चल, तर म्हणाली कशावर येऊ, तक्त्यावर?

सायकल उत्तम चालते. जवळजवळ सहाही किलोमीटर गुळगुळीत डांबरी रस्ता. मी खडीची वाट बघत होतो. ती अगदी शेवटी आली, तळ्याच्या कडेला. पावलं मोजली, चाळीस. तिथे पाटीच लावली आहे, सायकल हातात धरून न्यावी.

कुठलीही चालली असती. पोस्टमास्तरांची चालली असती!

काठावर एक सिमेंटचं बाक आहे, दोघांपुरतं. तिथे बसलो होतो. बुटांवर तीच पांढरी धूळ.

१६ जून, सोमवार

बिल लावायला फाईल उघडली. दहाही तक्त्यांच्या शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलेलं. तिचं अक्षर. पहिल्यावर — "नऊ रविवार उरले." दुसऱ्यावर — "आठ." पुढे नुसतेच शब्द. सात, सहा, पाच, चार, तीन, दोन, एक.

दहाव्यावर — "मुदत संपली."

नियमाप्रमाणे खाली पेनने लिहिलं, चूक खरेदी अधिकाऱ्याची. सही केली, तारीख घातली.