आरेंडचं मत

३ मार्च, मंगळवार

आरेंडची, माझ्या नवऱ्याची, शिडी घसरली! सांगत होते — या वयात चर्चची पन्हळ साफ करायला चढू नकोस. तर मला म्हणतो, "देवाच्या घराचं काम आहे, आल. तोच धरून ठेवेल." नाही धरलं. मांडीचं हाड मोडलं. शहरातल्या इस्पितळात नेलं, आत लोखंडी सळई घातली. तीन आठवडे पाय टेकायचा नाही, पलंग सोडायचा नाही.

घरी आले तर आरेंडचे कामाचे बूट दाराशी. उभ्याउभ्याच पावाचा तुकडा खाल्ला. मग आठवलं, अध्याय राहिला. आमच्याकडे जेवण झालं की शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक अध्याय वाचायचा. कालच्या पुढचा आज. आवडता निवडायचा नाही, कंटाळवाणा गाळायचा नाही. लग्नापासून आरेंडच वाचतो. आज मी वाचला, रिकाम्या खुर्च्यांसमोर. माझाच आवाज मला परका वाटला.

५ मार्च, गुरुवार

आरेंडला पायाची काळजी नाही, निवडणुकीची आहे! अठरा तारखेला गावच्या मंडळाचं मतदान. "माझं मत वाया जाता कामा नये," हे इस्पितळात तीनदा ऐकलं.

आमच्या चर्चमधल्या बायका मतदानाला जात नाहीत. कायद्याची मनाई नाही, रीत नाही. नवरा घराचं मस्तक. मी माझ्या मतदानाच्या कार्डामागे सही करते, आरेंड त्याच्या मताबरोबर माझंही टाकून येतो. येताना मनुकांचा पाव आणतो. माझा मतदानाशी संबंध एवढाच — पाव.

आता आरेंडचं मत कोण टाकणार? फान ओर्टला विचार म्हणाला. फान ओर्ट त्याच्यासारखाच चर्चच्या वडीलमंडळात, म्हणजे कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांत, शिवाय आमच्या पक्षाचा उमेदवार. त्याच्या पलंगाशी बसूनच फोन केला. "वहिनी, माझ्याकडे जागा नाही हो!" एका माणसाला दुसऱ्यांची दोनच मतं नेता येतात. त्याच्याकडे बायको मिनाचं आणि सासूचं. मंडळातल्या दुसऱ्या एकांना विचारलं — बायको आणि आई. तिसरे — बायको आणि बिनलग्नाची बहीण. अख्खं वडीलमंडळ भरलेलं! गावातला प्रत्येक पुरुष दोन-दोन बायकांची मतं खिशात घालून बसलाय, आणि एका पुरुषाचं मत उचलायला कुणी मोकळा नाही. मला हसू फुटलं. परिचारिकेने वळून पाहिलं.

आरेंडने पांघरूण सारखं केलं. मग म्हणाला, "तर मग तूच जा."

पण नियम असा, की दुसऱ्याचं मत नेणाऱ्याने स्वतःचंही त्याच वेळी टाकायचं. नुसतं त्याचं टाकून येता येत नाही.

"मग माझं कुणाला?"

"तुझं तू बघ. माझं फान ओर्टला." आणि डोळे मिटले.

तुझं तू बघ! इतक्या वर्षांत बघायला कधी दिलं होतं? राग आला. आजारी माणसावर काय रागावणार, संत्र सोलून दिलं.

६ मार्च, शुक्रवार

कोरीनचा फोन. लेक उट्रेक्ट शहरात राहते, चर्च केव्हाच सोडलंय. "आई! साठी उलटल्यावर मतदार! केक आणू का मेणबत्त्या लावून?"

"जीभ आवर."

"कुणाला देणारेस पण?"

"ते गुप्त असतं."

"अगं बाई, लगेच शिकलीस!"

८ मार्च

रविवार. आज लिहायचं नसतं.

११ मार्च, बुधवार

पीकपाण्यासाठी आणि कामधंद्यासाठी प्रार्थनेचा दिवस. दुकानं बंद, चर्च भरलेलं. टोपी घालून एकटीच बसले. पाळक म्हणाले, "मत टाकताना शास्त्र उघडं ठेवा." कुठल्या पानावर, ते काही म्हणाले नाहीत.

माझं दुखणं नेमकं तेच. कालव्याकाठच्या जुन्या वृद्धाश्रमात दोन वर्षांपासून परदेशातून आसरा मागायला आलेली कुटुंबं राहतात. आमचा पक्ष म्हणतो, उन्हाळ्यापर्यंत ते बंद करा, गावाची शांतता गेली. नवी यादी, म्हणजे गावातला नवा गट, म्हणते, राहू द्या. पण तीच नवी यादी म्हणते, रविवारी दुकानंही उघडू द्या! म्हणजे परक्याला घरात घ्यायचं तर देवाचा दिवस बाजारात मांडायचा. देवाचा दिवस राखायचा तर त्या पोराबाळांना हुसकायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मिनाने चर्चच्या पायऱ्यांवर गाठलं. "ऐकलं, तू जाणार म्हणे. स्वतः!"

"जागाच नव्हती ग कुणाकडे."

"बरं, आता जातेच आहेस तर लक्षात ठेव. नव्या यादीला मत म्हणजे रविवारी टोमॅटो विकणं."

"माझी बाग आहे, मला टोमॅटो लागत नाहीत," म्हटलं. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

दुपारी जेवणानंतर अध्याय. सध्या मोशेच्या नियमांचे चाललेत — वजनमापं खरी ठेवा, म्हाताऱ्यांपुढे उठून उभे राहा — आणि मग आलंच. तुमच्यात राहणाऱ्या परक्याला आपल्यातलाच समजा. मी तिथे थांबले. पुन्हा वाचलं. पण खरं सांगायचं तर त्याच पानावर शब्बाथ, म्हणजे देवाचा दिवस, पाळा असंही आहे. तेही दोनदा वाचलं.

१४ मार्च, शनिवार

वृद्धाश्रमात शिवणाची दुपार. मी बायकांना मशीन शिकवते. खरं म्हणजे सेम्हार मलाच शिकवते, तिची शिलाई माझ्याहून सरळ. एरिट्रियाची. लेक आहे, लुवाम, सात वर्षांची. नवरा वाटेत कुठे गेला ते ती सांगत नाही, मी विचारत नाही.

लोण्याचा केक नेला होता. सेम्हारने हात जोडले — उपास! ईस्टरपर्यंत दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही. आम्ही गावभर स्वतःला कडक समजतो आणि आमच्यात कुणी एक वेळचं जेवण सोडत नाही. मिनाला हे सांगितलं तर म्हणेल, "उपास? हे कसले ख्रिस्ती!" केक मीच खाल्ला, दोन तुकडे.

सेम्हार विचारत होती, "बंद करणार का हो?" बंद झालं तर तिला आता चौथी जागा शोधायची. लुवाम वर्षभर शाळेत तोंड उघडत नव्हती. आता कुठे बाईंशी बोलायला लागलीय, आणि बोलते तेही आमच्या गावच्या हेलात! "माहीत नाही," म्हणाले. खोटं नव्हतं. पण तिच्याकडे बघवलं नाही.

मग सायकलवरून आरेंडकडे. त्याला सेम्हारचं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. "वाईट आहे," म्हणाला. मग — "पण रविवार एकदा गेला की परत येत नाही, आल." त्याचंही मला पटतं, हीच पंचाईत.

१७ मार्च, मंगळवार

बटाटे सोलताना सुचलं. माझ्याकडे उद्या दोन मतं आहेत. एक परक्यासाठी, एक रविवारसाठी. माझं नव्या यादीला, आरेंडचं फान ओर्टला. दोन आज्ञा, दोन मतं! देवाने इतकं सोपं करून दिलंय आणि मी आठवडाभर जीव जाळतेय. खूप हलकं वाटलं. आरेंडच्या कार्डावर त्याची सही आहे, ओळखपत्राची नक्कल बरोबर घेतली.

१८ मार्च, बुधवार

टाकून आले.

शाळेच्या हॉलमध्ये. टेबलाशी लुवामच्या शाळेतल्या बाई बसल्या होत्या. "तुम्ही!" म्हणाल्या, आणि लगेच कार्डं तपासू लागल्या. रांगेतल्या पुरुषांनी टोप्या काढून मला पुढे जाऊ दिलं, जशी काही मी कुणाच्या मयताला आले होते.

आडोशाला गेले. मतपत्रिका केवढी! टेबलक्लॉथएवढी. लाल पेन्सिल दोरीला बांधलेली. आधी माझी. नवी यादी, तिसरं नाव, गोल रंगवला. रंग गोलाबाहेर गेला नाही, याचंच नवल वाटलं.

मग आरेंडची. फान ओर्टचं नाव सापडलं. पेन्सिल तिथे टेकवलीही नव्हती, आणि मनात आलं — हे मत माझ्या पहिल्या मताला पुसून टाकणार. एक आत, एक बाहेर. मग मी आले कशाला? घरी बसले असते तरी बेरीज तीच. सेम्हारला मी दिलं तरी काय?

आणि मग दुसरं मनात आलं, ते मी इथे स्वच्छ लिहिते. इतकी वर्षं माझ्या कार्डावर आरेंडने काय केलं? त्याला हवं ते केलं. माझं नाव, त्याचं मत. कुणाला ते पाप वाटलं नाही, पाळकांनाही नाही. मग आज त्याचं नाव, माझं मत. फिट्टंफाट!

दोन्ही नव्या यादीला. घडी घालून पेटीत टाकली.

बेकरीत जाऊन मनुकांचा पाव आणला. आरेंडचा फोन आला. "झालं?" "झालं." "थकली असशील," म्हणाला. बस, एवढंच.

१९ मार्च, गुरुवार

आमच्या पक्षाची एक जागा गेली. फान ओर्ट पडला, थोड्याच मतांनी. नव्या यादीचे लोक वाढले, वृद्धाश्रम राहणार. रविवारचं काय होईल ते होईल.

सेम्हारने मला धरून दोन्ही गालांवर मुके घेतले, मग पुन्हा एक. लुवाम म्हणाली, "आल मावशी, तू का रडतेस?" सर्दी झालीय म्हटलं. आनंद झालाय, खूप झालाय. संध्याकाळी प्रार्थनेला बसले तर शब्द सापडेनात. आभार मानू की क्षमा मागू?

२४ मार्च, मंगळवार

आरेंड घरी आला. पुढच्या खोलीत पलंग टाकलाय.

फान ओर्ट आणि मिना भेटायला आले. कॉफीत साखर ढवळतच राहिला बिचारा. म्हणाला, "आपल्यातलंच कुणीतरी फितूर झालंय. चर्चच्या बाकांवरची माणसं मोजली तर मतं पुरत होती." मिना माझ्याकडे बघत होती. मी बिस्किटांचा डबा पुढे केला.

आरेंड म्हणाला, "फान ओर्ट, मतपेटीला कुलूप असतं ते उगाच नाही. तू मोजू नकोस." मग दोघांनी मिळून प्रार्थना केली, गावासाठी, नव्या मंडळासाठीसुद्धा. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

२७ मार्च, शुक्रवार

त्याची उशी नीट करत होते. म्हणाला, "पुढच्या वेळी पाय धड असला तरी तुझं तूच टाक. मला दर वेळी आडून आडून काढून घ्यावं लागायचं."

"काय काढून घ्यावं लागायचं?"

"तुला कोण बरा वाटतो ते. सरळ विचारलं तर तू म्हणायचीस, मला काय कळतंय त्यातलं. तुझं मत मी नेहमी तुझ्याच माणसाला टाकलंय, आल. दोनदा तर त्या लाल पक्षाच्या डॉक्टरीणबाईला! हात थरथरला माझा." हसला. "मस्तक आहे मी घराचं. चोर नाही."

मी खिडकी पुसायला घेतली. त्याच्या मताचं मी काय केलं, हे त्याने अजून एकदाही विचारलेलं नाही.