नावड्याचं स्टेज वाचवताना

२७ जानेवारी १९९७, सोमवार

काल झेंडावंदनानंतर मंडळ स्थापन झालं. नाव 'जुईनगर युवा दानशूर मंडळ'. अध्यक्ष मी, कृष्णात. बिनविरोध. बाकी सभासद दोनच, शिवतेज आणि उज्वला, आणि दोघांनाही अध्यक्ष व्हायचं नव्हतं. 'दानशूर'ला उज्वलाची हरकत. म्हणाली, आपल्याकडे दान करायला आहे काय? म्हटलं, वेळ. बी.कॉम. झाल्यापासून माझ्याकडे तोच आहे.

प्रेरणा: कालचा पेपर. परदेशात काही श्रीमंत तरुणांनी मिळून जुनं थिएटर वाचवलं. फोटोत सगळे कोट घालून हसतायत. आपल्याकडे असं कोणी करत नाही. आता आपण करणार. फक्त वाचवायला थिएटर सापडलं पाहिजे.

संकल्प: रोज सहाला उठणे. रोज डायरी.

२ फेब्रुवारी, रविवार

मध्ये सर्दी होती.

थिएटर सापडलं! हौसेरावमामांनी सांगितलं. मामा आमच्या साताऱ्याकडचे, बेलापूरला सरकारी ऑफिसात क्लार्क. नावड्याला गावाचं जुनं नाटकाचं स्टेज आहे. मिठागरात राबणाऱ्या लोकांनी आजे-पणज्यांच्या काळात बांधलेलं. दगडी जोतं, तिन्ही बाजूंनी भिंत, पुढे सागवानी खांब, वर कौलं. हनुमान जयंतीला गावातलीच माणसं त्याच्यावर नाटक करतात.

आता नव्या रस्त्याची आखणी नेमकी त्याच्यावरून गेलीय. पण मामा म्हणाले, टेन्शन नाही. गावाची वापरातली जागा असेल तर रस्ता थोडा वळवतात. सर्व्हेवाले साहेब मार्चअखेर येऊन बघतील. स्टेज वापरात दिसलं की सुटलं.

जवळजवळ दोन महिने आहेत. आरामात होईल.

९ फेब्रुवारी, रविवार

नावड्याला जाऊन आलो. शिवतेजच्या स्कूटरवर तिघं. स्टेज बघून वाईट वाटलं. खांबावर चुन्याची बोटं पुसलेली. जोत्यावर पोरं उड्या मारतायत. एका कोपऱ्यात जाळं सुकत घातलेलं. आणि मधोमध तालीम चालू.

रोहिदासकाका म्हणून आहेत, म्हातारे. तीस वर्षं राजाचं काम करतायत. त्यांना सगळं समजावलं. म्हणाले, स्टेज ऱ्हायला पायजे रं बाबा, मंग आमी काय पन करू. त्यांची बायको धोंडूबाई. तिने चहा दिला आणि विचारलं, तुमी सरकारी मानसं काय? म्हटलं, नाही, दानशूर. ती आत जाऊन दानशूरसाठी अजून एक कप घेऊन आली.

रात्री विचार केला. साहेब आले आणि हा पसारा बघितला, तर काय म्हणतील? आमच्याकडे शोकेसमध्ये बोनचायनाच्या कपांचा सेट आहे. आई रोज त्यातून चहा पिते का? नाही. म्हणून तो सेट आहे. नाहीतर कधीच फुटला असता. टीव्हीला कव्हर, सोफ्याला प्लास्टिक. चांगली वस्तू चांगली राहते कारण तिला कोणी हात लावत नाही. एवढी साधी गोष्ट गावाला कळत नाही.

ठरलं. सर्व्हे होईपर्यंत स्टेज बंद.

१६ फेब्रुवारी, रविवार

गावाची मीटिंग घेतली. तालीम शाळेच्या पडवीत करा म्हटलं. थोडी कुरकुर झाली. रोहिदासकाकांनीच सगळ्यांना गप्प केलं. म्हणाले, पोरं शिकलेली हायेत, बेलापूरला वळख हाय, त्यांना कलतं. मला भरून आलं.

उज्वला म्हणाली, मामा 'वापरात' म्हणाले होते ना? म्हटलं, वापरण्याजोगं असणं म्हणजेच वापरात. ती स्कूटरकडे चालू लागली. पटलं असणार.

२ मार्च, रविवार

पॉलिश झालं. खांब असे चमकतायत की तोंड दिसतं. पोरांना हाकलून हाकलून घसा बसला. दोरी बांधली, तर दोरीवरूनच उड्या.

शिवतेजच्या वडिलांचं तुर्भ्याला ग्रिलचं वर्कशॉप आहे. मंडळाला पहिलं मोठं दान मिळालं: समोरच्या अख्ख्या तोंडाला बसेल असं ग्रिल. आमच्या बाल्कनीला आहे तीच डिझाईन, मध्ये मोर.

९ मार्च, रविवार

ग्रिल बसलं. दार मात्र बसेना, जोतं थोडं तिरकं आहे. शिवतेज म्हणाला, सर्व्हेनंतर काढायचंच आहे, तर दार कशाला? सरळ वेल्डिंग मारून टाकलं. आता मांजरसुद्धा आत जाऊ शकत नाही. छान दिसतं. अगदी शोकेस.

धोंडूबाई बराच वेळ बघत होती. म्हणाली, आता आमचा राजा तुरुंगात काय? सगळे हसले. मीही हसलो.

२६ मार्च, बुधवार

साहेब आले. आज मी सहाला उठलो होतो.

सगळं मीच दाखवलं. साहेब माणूस शांत. ग्रिल हलवून बघितलं. विचारलं, हे कधीपासून? सांगितलं, स्टेज बंद करून महिना उलटला, ग्रिल लागल्यापासून तर एकाचाही पाय लागलेला नाही. तालीम? शाळेत. पोरं? येऊ देत नाही. जाळी-बिळी? सगळी उचलायला लावली. यंदाचं नाटक? सध्या तरी स्टेजवर नाही. ते लिहीत गेले. मी एकेक मुद्दा हळू सांगितला, त्यांचं काही सुटायला नको. रोहिदासकाका मधे काही बोलायला बघत होते, त्यांना खुणेने थांबवलं.

साहेबांनी एकदाही वाद घातला नाही. जाताना माझ्याशी हात मिळवला. कामच झालं म्हणायचं.

संकल्प: मंडळाचं लेटरहेड छापणे.

४ एप्रिल, शुक्रवार

हौसेरावमामा घरी आले. बसले नाहीत. मला विचारलं, तू साहेबांना काय सांगितलंस? सांगितलं. मामा कपाळाला हात लावून उभेच राहिले.

साहेबांनी लिहिलंय: वापरात नाही. वेल्डिंग करून बंद. गावाने वापर थांबवला आहे.

आई म्हणाली, मामांना चहा तरी घ्या म्हण.

७ एप्रिल, सोमवार

बेलापूरला गेलो. साहेब रजेवर. दुसरे साहेब म्हणाले, तुम्हीच सांगितलंय ना? म्हटलं, माझा अर्थ तसा नव्हता. ते म्हणाले, अर्थाचा कॉलम नाही.

एरवी ज्या ऑफिसात कागद हलत नाही म्हणतात, तिथे आमचा कागद पुढे गेलाय.

संकल्प: ताबडतोब ग्रिल कापून तालीम स्टेजवर सुरू करणे आणि साहेबांना पुन्हा बोलावणे.

१३ एप्रिल, रविवार

ग्रिल कापायला गेलो. नावड्याला लाईट नाही. संध्याकाळपर्यंत वाट बघितली. नाहीच आली. करवतीने प्रयत्न केला. शिवतेजच्या वडिलांचं काम पक्कं असतं.

गावाला अजून सांगितलेलं नाही. सांगायचं होतं. पण रोहिदासकाका राजाचा मुकुट चिकटवत बसले होते, यंदा नवीन सोनेरी कागद. उद्या सांगतो.

१७ एप्रिल, गुरुवार

सांगायची गरज पडली नाही. गावात नोटीस लागली.

मी अजून गेलेलो नाही. पोट बरं नाही.

२१ एप्रिल, सोमवार

बुलडोझर आला. आम्ही तिघं लांब उभे होतो. कौलं पहिल्या धक्क्यात खाली आली. मग खांब, पॉलिशसकट. जोत्याचा एकेक दगड निघत होता तेव्हा बायका रडायला लागल्या. मलाही रडू आलं, पण तिथे रडायचा मला हक्क होता का, ते कळेना.

सगळं पडलं, ग्रिल तेवढं अख्खं राहिलं. ड्रायव्हर म्हणाला, काम मस्त केलंय. एक क्षण मला बरं वाटलं. हे मी इथे लिहितोय, कारण हे वाचणारा मीच.

२३ एप्रिल, बुधवार

काल हनुमान जयंती. जायचं नव्हतं. उज्वला म्हणाली, जा. एकटा गेलो.

नाटक शाळेच्या पटांगणात, चार बाकं जोडून. मी सगळ्यात मागे बसलो. स्टेजला मागे भिंत होती, तिच्यावरून आवाज शेवटच्या माणसापर्यंत जायचा, हे मला काल कळलं. पटांगणात तो वाऱ्यावर गेला. रोहिदासकाका ताण देऊन देऊन बोलत होते. मागची माणसं ओरडायला लागली, ऐकू येत नाय. दुसऱ्या प्रवेशात त्यांचा आवाज फाटला. पुढचं राजाचं काम त्यांच्या मुलाने, भावेशने केलं, हातात वही धरून.

काका खाली उतरले. तोंडाला रंग तसाच. चालत चालत मागे आले आणि माझ्याच शेजारी बसले. मला वाटलं, आता बोलतील. बोलावं, असं वाटत होतं. चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

बराच वेळ ते नाटक बघत राहिले. मग बसलेल्या आवाजात विचारलं, जेवलास का रं?

हो म्हटलं. जेवलो नव्हतो.